बंद घराची मुलाखत

सर्व्हेवाली बाई गावात शिरली की पहिला प्रश्न तिलाच विचारला जातो. "घरकुलाची यादी आली का जी?" नाही म्हटलं की दुसरा, "मंग रेशनचं हाय काय?" तेही नाही म्हटलं की समोरचा माणूस आपल्याला नखशिखांत न्याहाळतो आणि विचारतो, "मंग तुमी आल्या कायले?" या तिसऱ्या प्रश्नाचं पटेल असं उत्तर शोधण्यात माझी सव्वीस वर्षं गेली. अजून पक्कं सापडलेलं नाही.

मी आरोग्याचे सर्व्हे करायची. आज या संस्थेचा, उद्या त्या संस्थेचा. कधी गरोदर बायांचा, कधी सिकलसेलचा, कधी म्हाताऱ्यांचा. माझं घर मोहाडीला, पण भंडारा जिल्ह्यातला एकही तालुका असा नाही की जिथल्या कुत्र्यांनी मला ओळखलं नसेल. नातेवाइकांना माझं काम शेवटपर्यंत कळलं नाही. माझी आई लोकांना सांगायची, "पोरगी दवाखान्यात हाय." त्यामुळे लग्नाकार्यात निदान दोन-तीन जण तरी माझ्यापुढे मनगट धरायचे. मला नाडी पाहता येत नाही. मी आपली गंभीर चेहरा करून धरायची आणि "पाणी जास्त पीत जा" म्हणायची.

आमच्या कामात औषध द्यायचं नसतं, सुई टोचायची नसते, सल्लाही द्यायचा नसतो. फक्त विचारायचं आणि समोरचा सांगेल ते लिहून घ्यायचं. आधी गावातल्या सगळ्या घरांची यादी करायची, भिंतीवर खडूने नंबर टाकायचे, मग त्यातली काही घरं चिठ्ठी टाकल्यासारखी निवडायची. निघालेलं घर सोडायचं नाही. तिथला कुत्रा चावरा आहे, म्हातारा शिव्या देतो, रस्त्यात चिखल आहे, ही कारणं चालत नाहीत. घरात शिरल्यावर मोठ्या माणसांची वयाप्रमाणे यादी करायची आणि एक तक्ता असतो, तो सांगेल त्याच माणसाला प्रश्न विचारायचे. म्हणजे ज्याला बोलायची हौस असते तो नेमका सुटतो आणि जिने जन्मात कुणा परक्याशी दोन वाक्यं बोलली नाहीत तिची पाळी येते.

मोहाडीतल्या एका किराणा दुकानदाराच्या घरी तक्त्याने त्याच्या बायकोचं नाव काढलं. तो इतका नाराज झाला की खुर्ची ओढून तिच्या पुढ्यात बसला आणि सगळी उत्तरं स्वतःच देऊ लागला. "गुडघेदुखी? नाही जी, तिले काही नाही." मागे ती बिचारी पदराआडून स्वतःच्या गुडघ्याकडे बोट दाखवत होती. नियम असा की मुलाखत एकांतात व्हावी. हा नियम करणाऱ्याने खेडं पाहिलेलं नसावं. मी यावर एक उपाय काढला होता. घरच्या पुरुषाला म्हणायचं, "भाऊ, तेवढं आधार कार्ड आणता का?" आधार कार्ड कुठल्याही घरात चटकन सापडत नाही. ट्रंका उघडतात, गाद्या उचलतात, जुनी लग्नपत्रिका सापडते आणि ती वाचत बसतात. तेवढ्यात माझे सगळे नाजूक प्रश्न उरकलेले असायचे. आधार कार्डाचा खरा उपयोग सरकारलाही ठाऊक नसेल इतका मला झाला आहे.

आणखी एक युक्ती मी नवीन मुलींना शिकवायची. "तब्येत कशी आहे?" असं विचारलं की आमच्याकडे उत्तर ठरलेलं असतं. "बरं हाय जी." दारात आलेल्या माणसाला दुखणं सांगणं म्हणजे पाहुण्याचा अपमान. तेव्हा उत्तर ऐकायचं, लगेच लिहायचं नाही, आणि मनात सात आकडे मोजायचे. चारपर्यंत काही होत नाही. पाचला माणूस खाकरतो. सहाला म्हणतो, "तसं कंबरीत थोडं..." आणि सातला खरं आजारपण बाहेर येतं. नाकाडोंगरीला खाणीतून निवृत्त झालेले एक बाबा होते. दोन शब्दांत एकदा खोकला यायचा त्यांना. तब्येत कशी म्हटल्यावर म्हणाले, "बेस हाय." मी सातपर्यंत मोजलं, दहापर्यंत मोजलं. काही नाही. शेवटी आमच्याकडचं चेहऱ्यांचं कार्ड पुढे केलं. त्यावर पाच गोल चेहरे असतात, पहिला रडका आणि पाचवा हसरा. आयुष्यावर किती समाधानी आहात ते बोट ठेवून दाखवायचं. बाबांनी कार्ड लांब धरून पाहिलं आणि म्हणाले, "यातला एक बी माह्यावानी दिसत नाही. तुमीच टाका कोनता तरी." मी म्हटलं, मला टाकता येत नाही. मग त्यांनी पाचवा टाकला, बहुधा माझी कटकट मिटावी म्हणून.

यातून एक चमत्कारिक गोष्ट व्हायची. सिमेंटच्या दुमजली घरातला, दर महिन्याला नागपूरच्या डॉक्टरकडे जाणारा माणूस अर्धा तास तक्रारी सांगायचा. आणि ज्याने डॉक्टरचं तोंड पाहिलेलं नाही तो दीड मिनिटात "बरं हाय" म्हणून मोकळा. मग कागदावर गरीब माणूस श्रीमंतापेक्षा धडधाकट दिसू लागतो. मोठ्या लोकांना हे पुस्तकातून माहीत असतं. मला ते लोकांच्या सपरीत, घरापुढच्या पडवीत बसून कळलं, आणि तरी मी वर्षानुवर्षं तसंच लिहून पाठवत राहिले.

आता ज्याच्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं तो प्रसंग सांगते.

नोकरीच्या अखेरच्या टप्प्यावर एक मोठं काम आलं होतं. आशियातल्या सहा देशांत एकाच वेळी तोच सर्व्हे. आरोग्यसेवा सगळ्यांपर्यंत सारखी पोचते का, आणि माणसं प्रत्यक्षात कशी जगतात, हे त्यांना पाहायचं होतं. हेतू चांगला होता. तारखा मात्र ऐन रोवणीच्या, भातलावणीच्या ठरल्या. मी नागपूरच्या कार्यालयाला कळवलं की या दिवसांत आमच्याकडे गावात माणूस नसतो, सगळे बांधीत, भाताच्या शेतात असतात. उत्तर आलं की बाकीच्या पाच देशांतही भातच पिकतो, तारखा बदलणार नाहीत. रोवणी सगळीकडे एकाच महिन्यात होते असं कुणाला तरी वाटलं असावं.

घराला कुलूप असलं तर आमचा नियम सरळ आहे. वेगवेगळ्या वेळी तीनदा जायचं. तिन्ही वेळा कुलूप दिसलं तर टॅबवर 'घर बंद' असं नोंदवायचं आणि शेजारचं घर बदली म्हणून घ्यायचं. माझं काम कायम मुदतीत पूर्ण व्हायचं, आणि त्याचा मला तोरा होता. आता प्रामाणिकपणे सांगायचं तर त्या मुदतीत या बदली घरांचा मोठा हात होता. शेजारच्या घरात कोण सापडायचं? दुपारी घरी असणारं. म्हणजे निवृत्त मास्तर, दुकानदार, नाहीतर ज्यांच्या शेतात दुसरे राबतात ते.

बपेऱ्याच्या बाजूचं एक गाव. नाव सांगत नाही, कारण पुढे कळेल. गावातली आशाताई वंदना माझ्यासोबत होती. पहिल्या दिवशी सकाळी एका कवेलूच्या, कौलारू घराला कुलूप. चार वाजता गेले, कुलूप. शेजारीण पऱ्ह्याची, भाताच्या रोपांची पेंडी डोक्यावर घेऊन निघाली होती, ती चालता चालता म्हणाली, "रोवन्याले गेले जी सारे." दुसऱ्या दिवशी वंदना तिच्या बाळंतिणीकडे गेली होती, म्हणून मी एकटीच अकराच्या सुमारास गेले. कुलूप हलवून पाहिलं. मग सपरीत टेकले आणि टॅब काढून 'घर बंद' असं भरू लागले.

"चाल्ली का व बाई?"

आवाज आतून आला. मी उठूनच उभी राहिले.

"कोण आहे आत?"

"मी हाय, सायत्रा. तू कालपासून तिसऱ्यानं आलीस. कोनाकडं काम हाय तुह्यं?"

सपरीच्या कडेला गल्लीकडे एक लाकडी गजांची खिडकी होती, माझ्या कमरेइतक्या उंचीवर. वाकून पाहिलं. खिडकीला लागून खाट, खाटेवर साठीची एक बाई कुशीवर वळलेली. उशाशी पाण्याचा गुंड, झाकलेलं ताट, खाटेखाली प्लास्टिकचं टोपलं. केस मात्र तेल लावून चापूनचोपून विंचरलेले होते.

"मावशी, काल दोनदा आले तेव्हा हाक का नाही मारली?"

"कायले मारू? तू कुलपाले हात लावला, मंग बाजूच्या बाईले विचारलं. मले विचारलं कुटं?"

खरं होतं. सव्वीस वर्षांत मी शेकडो कुलपं हलवून पाहिली असतील. कुलूप असलेल्या घरात कुणी आहे का म्हणून हाक एकदाही दिली नव्हती. तसं करायचं असतं हे कुणी शिकवलं नव्हतं, आणि मी नवीन मुलींना शिकवताना मलाही सुचलं नव्हतं. मला त्या क्षणी फार लाज वाटली.

हकिगत तिने अशी सांगितली. आदल्या वर्षीच्या रोवणीत बांधीच्या धुऱ्यावरून, बांधावरून, पऱ्ह्यांसकट पाय घसरला आणि ती कमरेवर आपटली. नदीपल्याड लेकीच्या गावात हाड बसवणारा आहे, त्याच्याकडे नेलं. त्याने बांबूच्या कामट्या बांधल्या. चार महिने लेकीकडे काढले. पाय काही खाली टेकेना. मग मुलगा ईश्वर तिला ऑटोत घालून घरी घेऊन आला. घरात तो, सून दुर्गा आणि ही. दोघं सकाळी मजुरीला जातात, संध्याकाळी येतात.

"आणि कुलूप?"

"कुलूप लावाच लागते. पयले उघडंच ठेवत होते. एक दिवस कुत्रं आत आलं. माह्या हातातली भाकर घेऊन गेलं. मले हात उगारता आला नाही. तैपासून मीच म्हटलं, लावून जात जा."

नियमाप्रमाणे मोठ्या माणसांची नावं भरली. तीन नावं. तक्त्याने तिचंच नाव काढलं. मी खिडकीपाशी उकिडवी बसले आणि आधी संमतीचा मजकूर वाचला. त्यात शेवटी असतं की मुलाखत नको वाटली तर तुम्ही कोणत्याही क्षणी उठून जाऊ शकता. वाचून झाल्यावर माझ्या लक्षात आलं मी काय वाचलं. सायत्राबाई हसायला लागली. "उठून?" म्हणाली. "लिही व, लिही. मी नाही जात उठून."

प्रश्न विचारत गेले. गेल्या दोन आठवड्यांत झोप कशी लागली? "हप्ता मले कसा समजन? बजाराच्या दिवशी गल्लीत गलका होते, तेवढा समजते." घराबाहेर हिंडता-फिरता येतं का? "खाटेपासून गुंडापर्यंत." दुखतं का? इथे मी सात मोजायला लागले, पण ती दोनलाच म्हणाली, "दुखते. लय दुखते. घरी कोनी नसलं का मी वरडून घेतो, मंग मोकयं वाटते." तीन वर्षं झाली असतील, हे वाक्य मला अजून तसंच्या तसं ऐकू येतं.

पुढचा प्रश्न, घरापासून सरकारी आरोग्य केंद्र किती लांब? तिने मान वळवून खिडकीतून हनुवटी दाखवली. "थे काय. निळं छप्पर." उपकेंद्र खरंच समोर होतं. अंतराच्या पर्यायांत 'अर्ध्या किलोमीटरच्या आत' हा सगळ्यात चांगला पर्याय, तो भरला. आमच्या हिशेबाने आरोग्यसेवा सगळ्यात जवळ असलेल्या माणसांत ती मोडत होती. डॉक्टरने मात्र तिचा पाय एकदाही पाहिला नव्हता. एक्स-रे काढलेला नव्हता.

शेवटी चेहऱ्यांचं कार्ड गजांतून आत दिलं. तिने ते बराच वेळ धरून ठेवलं. एकेक चेहऱ्यावरून अंगठा फिरवला. मग मला विचारलं, "यातला कोनता पायजे तुले?"

"मला कुठलाच नको मावशी. तुमचा कोणता ते सांगा."

"मंग हा टाक." बोट चौथ्यावर होतं. हसऱ्याच्या अलीकडचा. "आज कोनी तरी बसलं माह्यापाशी. हाच टाक."

मी चार टाकला. जे सांगितलं ते लिहायचं, हा धंद्याचा पहिला नियम.

दुपारी वंदनाला सांगितलं तर तिने पिशवीतून वहीच ओढून काढली. वंदना राहते गावाबाहेरच्या टोलीवर, वेगळ्या वस्तीत. "मॅडम, मले वाटलं थे अजून लेकीकडंच हाय. माह्या वहीत थे घर बंद हाय. उपकेंद्रातल्या सिस्टरच्या वहीत बी बंद. आमी दोगी तीनतीनदा गेलो." तिने वही उघडून दाखवली. त्या घराच्या ओळीत तिच्या सुवाच्य अक्षरात 'घर बंद' लिहिलं होतं, एकाखाली एक. म्हणजे माझ्यासारखाच सगळ्यांनी कुलपाला हात लावला होता. कुणी कामचुकार नव्हतं. वंदनासारखी मेहनती आशा मी फार कमी पाहिली.

आता सल्ला द्यायचा नाही, मध्ये पडायचं नाही, हा नियम मी त्या दिवशी मोडला. संध्याकाळी मजूर परतल्यावर आम्ही दोघी पुन्हा गेलो. ईश्वर चाळिशीचा, अंगावर चिखल वाळलेला. मी आईशी बोलले हे ऐकल्याबरोबर त्याचा चेहरा बदलला.

"काय लिहिलं तुमी? आमी मायले कोंडून ठेवतो असं लिहिलं काय?"

"नाही भाऊ. तसं काही लिहिलेलं नाही."

"मंग काहून विचारता? दोगं गेलो तं घर चालते. एकानं बसून राहावं तं थो काय खाईन? हे रोज सकायी उठून तिची न्हानी-धुनी करते, वेनी घालते, मंग जाते." हे म्हणजे दुर्गा. ती चुलीपाशी पाठमोरी उभी होती.

वंदनाने छान सांभाळलं. म्हणाली, "ईश्वरदादा, तुह्यावर कोनी बोट नाही दाखवत. मीच आली नाही घरात, चूक माही. पन पाय पाहून तं घेऊ. कागद मी करतो सारे. पैसे लागत नाहीत, योजनेत होते."

"डाक्टर म्हनन, साल झालं, आतावरी काय करत होता? काय सांगू मी त्याले?"

मला तेव्हा कळलं की त्याला खर्चाची भीती नव्हती, त्या प्रश्नाची होती. तेवढ्यात आतून सायत्राबाईचा आवाज आला. "सांगजो का मायच येत नव्हती म्हून. माह्यावर टाक. मी काय, म्हातारी मानूस."

ईश्वर उंबऱ्यावर बसला आणि पायावरचा वाळला चिखल खरवडू लागला. मग म्हणाला, "रोवना सरू द्या. मंग नेतो."

ते वाजवीच होतं. वर्षाची मजुरी त्या दिवसांत मिळते. मी मान डोलावली. दुसऱ्या दिवशी आमची गाडी पुढच्या गावाला गेली.

चार दिवसांनी नागपूरहून सुधीर सरांचा फोन आला. सगळी माहिती त्यांच्याकडे जमा व्हायची आणि चुकीचे फॉर्म ते परत पाठवायचे. माणूस नेमस्त, आवाज कधी चढायचा नाही.

"मॅडम, एका घरात तिसऱ्या भेटीला कुलूप दाखवलंय आणि मुलाखत पूर्ण. दोन्ही एकत्र चालत नाही. सिस्टीम घेत नाही."

"सर, कुलूप होतं आणि बाई आत होती."

"असा पर्याय नाहीये मॅडम. कुलूप असेल तर मुलाखत रद्द करून बदली घर घ्या. मुलाखत ठेवायची तर कुलूप काढा."

मी त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, वाईट वाटलं त्यांना, पण सहा देशांचा फॉर्म एकच होता आणि तो बदलणं त्यांच्याही हातात नव्हतं. मुलाखत रद्द केली असती तर सायत्राबाई पुन्हा कुठल्याच कागदावर राहिली नसती. मी म्हटलं, कुलूप काढा. त्यांनी काढलं.

तेव्हा त्या सहा देशांच्या माहितीत आमच्या सायत्राबाईची नोंद अशी झाली: दार उघडं, बाई घरी हजर, दवाखाना अर्ध्या किलोमीटरच्या आत, समाधान पाचपैकी चार. एकही उत्तर तिने खोटं दिलेलं नाही. खोटं एवढंच, दाराचं, आणि ते माझं. लोकांना मी काय सांगत होते, तर आम्ही खरं लिहितो. मला ते फार लागलं, आणि मी कुणाला बोलले नाही.

आणखी एक कबूल करायला हवं. रोवणी संपली, धान निसवलं, कापणी झाली, तरी मी वंदनाला फोन केला नाही. कामं होती, हे खरं. पण नेलं नाही असं ती म्हणाली तर काय, ही भीती जास्त होती. नेलं नसेल तर मी फक्त चौथ्या चेहऱ्यावर खूण करून निघून आलेली बाई ठरणार होते.

उन्हाळ्याच्या तोंडाशी त्याच सर्व्हेची दुसरी फेरी लागली. त्याच माणसांना तेच प्रश्न. त्या गावात उतरले तेव्हा वंदना भेटायच्या आधीच मी सरळ त्या घराकडे गेले.

सपरीत खाट टाकलेली होती आणि खाटेवर पाय सोडून सायत्राबाई बसली होती. बाजूला चार पायांचा लोखंडी वॉकर. दार सताड उघडं. समोर एक कोंबडी दाणे टिपत होती, तिला ती काठीने हुसकत होती.

"आलीस का व? मले वाटलं मेलीस का काय तू," म्हणाली.

ईश्वरने शब्द पाळला होता. रोवणी सरल्याच्या चौथ्या दिवशी नेलं. भंडाऱ्याहून नागपूरच्या मोठ्या सरकारी दवाखान्यात पाठवलं. वंदना कागदांची थैली घेऊन तीनदा गेली. खुब्याचा गोळा बदलला. डॉक्टरने तो प्रश्न विचारलाच. ईश्वर काही बोलायच्या आत सायत्राबाई म्हणाली होती, मीच येत नव्हती. डॉक्टर तिला रागावला आणि कामाला लागला.

मी तिचा हात धरला तर तिने तो सोडवून घेतला. "थे राहू दे. तुह्ये प्रश्न विचार."

आणि मग तिने जे सुरू केलं! दुर्गा भाजीत मीठ कमी टाकते. ईश्वर बाजारात नेत नाही, गर्दीत पडशील म्हणतो, म्हणजे काय मी लहान लेकरू हाय? वॉकरचं एक रबर निघालं, सांगून सांगून तोंड दुखलं, कुणी बसवत नाही. उपकेंद्राला पायरी आहे, पायरीवरून वॉकर चढत नाही, तिथे उतार बांधायला सरपंचाला सांगितलं तर तो नुसता हो म्हणतो. लेकीकडे जायचं आहे, कुणी नेत नाही. झोप? "झोप कायची येते. दिवसभर लोकं येऊन बसते माह्यापाशी." अर्धा तास ती बोलत होती. सिमेंटच्या दुमजली घरातही इतकं कुणी बोललं नव्हतं. मी लिहीत होते आणि मला हसू आवरत नव्हतं.

चेहऱ्यांचं कार्ड दिलं. तिने माझ्याकडे पाहिलंही नाही. दुसऱ्या चेहऱ्यावर बोट दाबलं, रडक्याच्या शेजारचा. "हाच. बराबर हाच टाक."

आठवडाभराने सुधीर सरांचा फोन आला.

"मॅडम, त्या बाईंचं बघा ना जरा. मागच्या वेळी चार, आता दोन. मधे ऑपरेशन झालंय, चालता येतंय, दुखणं कमी. सगळे आकडे वर गेलेत आणि समाधान खाली? उलट भरलं गेलं का? असेल तर इथूनच दुरुस्त करतो."

एकदा मी त्यांच्या सिस्टीमसाठी कुलूप काढून दिलं होतं. या वेळी नाही.

"बरोबर भरलंय सर. हात लावू नका."

"मग कारण द्यावं लागेल. एवढा फरक असला की रकाना उघडतो. फार नको, छोटंसं लिहा."

तो रकाना मी टॅबवर उघडला. 'समाधान कमी होण्याचे कारण' असं वर छापलेलं होतं. कुत्रं, खिडकी, वंदनाची वही, ईश्वरचा उंबरा, सगळं लिहावंसं वाटलं. जागा एका ओळीची होती. बराच विचार करून मी दोन शब्द लिहिले आणि पाठवून दिले.

प्रकृती सुधारली.